पहिल्या तारखेच्या आधीचा हिशेब

पदव्युत्तर शिक्षणासाठी गाव सोडून शहरात आलेल्या मुलामुलींना काटकसरीचे सल्ले भरपूर मिळतात. भाजी मंडईतून आणा, पुस्तके जुनी घ्या, बाहेरचा चहा कमी करा, ऑनलाइन सवलतींवर नजर ठेवा, रोजचा खर्च वहीत लिहा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. तरीही एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा पैशांचा प्रश्न या सल्ल्यांनी सुटत नाही, आणि तो का सुटत नाही हे नीट तपासायला हवे. अशा तपासणीसाठी महाराष्ट्रात पुण्याइतके योग्य शहर दुसरे नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीत २०२०-२१ साली पुणे जिल्ह्यात ४६६ महाविद्यालये नोंदली गेली. बंगळुरू शहर, जयपूर आणि हैदराबाद यांच्या खालोखाल देशात चौथा क्रमांक. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण इथून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खर्चावर सदाशिव-नारायण पेठांपासून कोथरूड-कात्रजपर्यंत कितीतरी घरांचे आणि दुकानांचे उत्पन्न चालते. या खर्चाचा, त्यातल्या बचतीचा आणि विद्यार्थ्यांसाठी आजवर झालेल्या सोयींचा आढावा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की दुकानात होणारी बचत हा एकूण बचतीचा सर्वांत लहान भाग आहे. मोठी बचत तीन गोष्टींवर ठरते: राहायला जागा कोणत्या अटींवर मिळाली, पैसे कोणत्या तारखेला हातात आले, आणि कोणत्या गोष्टी चारचौघांत मिळून वापरता आल्या. या तिन्ही गोष्टी महिना सुरू होण्याआधीच ठरून गेलेल्या असतात, आणि एकट्या विद्यार्थ्याच्या हातात त्यांपैकी फार थोडे असते.

आधी खर्चाची रचना पाहू. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले की कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा. भारताच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीतही तेच दिसते. २०२३-२४ मध्ये शहरी भागात माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता आणि त्यातला सुमारे ४० टक्के अन्नावर होत होता. ग्रामीण भागात खर्च ४,१२२ रुपये आणि अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के. याच पाहणीत शहरी खर्चातला घरभाड्याचा वाटा मात्र साडेसहा टक्क्यांच्या आसपास भरतो. तो इतका कमी दिसतो याचे कारण बरीच कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि त्यांना भाडे द्यावेच लागत नाही. बाहेरगावच्या विद्यार्थ्याचे चित्र नेमके उलटे असते. समजा त्याच्याकडे महिन्याला १२,००० रुपये आहेत. तिघांच्या खोलीतली एक कॉट ४,५०० रुपयांना, दोन वेळची मेस ३,५०० रुपयांना आणि पीएमपीचा विद्यार्थी पास ७५० रुपयांना धरला, तर उरतात ३,२५० रुपये. त्यांतून मोबाइलचे रिचार्ज, साबण-तेल, झेरॉक्स, परीक्षेची फी, औषधे, गावी जायचे एसटीचे तिकीट आणि कपडे. ज्याला खरेदी म्हणता येईल असा भाग फार तर दीड हजारांचा. त्यात अतिशय चोखंदळपणे वीस टक्के वाचवले, तर हाती राहतात ३०० रुपये. त्याच खोलीत चौथी कॉट टाकली की प्रत्येकाचे ४,५०० रुपयांचे ३,३७५ होतात, म्हणजे एकाच निर्णयात १,१२५ रुपये वाचतात. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पेठ बदलली की ते बदलतील. पण त्यांच्यातले प्रमाण फारसे बदलत नाही. हे प्रमाण ध्यानात न घेता दिलेला काटकसरीचा सल्ला विद्यार्थ्याला सारे लक्ष त्या दीड हजारांवरच खर्च करायला लावतो.

म्हणून जागेचा प्रश्न पहिला. कॉट बेसिसवर जागा देण्याची पुण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यामुळे हजारो मुलांचे शिक्षण झाले, हे नाकारता येत नाही. पण भाडे हा जागेच्या किमतीचा एक भाग झाला. डिपॉझिट, एजंटची दलाली, अकरा महिन्यांच्या कराराचा खर्च आणि करार संपल्यावर पुन्हा नवी शोधाशोध, हे सगळे मिळून खरी किंमत ठरते. डिपॉझिट परत मिळणार असले तरी ते उभे करायला घरच्यांना सोयाबीन किंवा कापूस भाव नसताना विकावा लागला, तर तो तोटा कुठल्याच हिशेबात दिसत नाही. शिवाय जागेचा भाव सगळ्यांना सारखा नसतो. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’ अशा अटी, नाव आणि आडनाव ऐकल्यावर अचानक भरून जाणारी खोली, यांमुळे काही विद्यार्थ्यांना त्याच पैशात लांबची आणि वाईट जागा घ्यावी लागते. मुलींना सुरक्षित रस्ता, फाटक बंद होण्याची वेळ आणि रात्रीची बस यांसाठी जास्त मोजावे लागते. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींविषयी गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की सुरक्षित प्रवासासाठी मुली अधिक खर्च तर करतातच, शिवाय त्यासाठी कमी दर्जाचे महाविद्यालयही पत्करतात. लांब राहून भाडे वाचवा, हा सल्ला म्हणूनच सर्वांना सारखा लागू पडत नाही. आणि सरकारी निर्णयाने ही किंमत किती हलते पाहा. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली जीएसटीची सूट जुलै २०२२ मध्ये गेली. पुढच्या वर्षी अग्रिम निर्णय प्राधिकरणांनी खासगी वसतिगृहांनाही १२ टक्के कर लागू धरला. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने आपल्या ५३व्या बैठकीत माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि किमान सलग ९० दिवसांच्या राहण्याला सूट दिली. साडेचार हजारांच्या कॉटवर १२ टक्के म्हणजे ५४० रुपये. वर हिशेबात धरलेल्या महिनाभराच्या चोखंदळ खरेदीतल्या बचतीपेक्षा ही रक्कम मोठी आहे.

जेवणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण इथे विद्यार्थ्याला निवडीला खरोखर वाव असतो. मेस, डबा आणि स्वतः रांधणे, असे तीन मार्ग. स्वतः रांधणे कागदावर सर्वांत स्वस्त. तांदूळ, डाळ, अंडी, कांदा-बटाटा यांवर दोघा-तिघांचे जेवण मेसच्या बऱ्याच कमी खर्चात होते. पण बहुतेक कॉट बेसिसच्या खोल्यांत स्वयंपाकाला परवानगी नसते. स्थानिक पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर अशाच फिरत्या लोकांसाठी इंडियन ऑइलने आणला. पण सिलिंडर मिळाला तरी घरमालकाची हरकत जात नाही. आणि प्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत थांबणाऱ्याने दोन वेळा रांधायचे, तर वेळेची किंमतही धरावी लागते. मेसचे अर्थकारण शंभर जणांच्या एकत्र स्वयंपाकावर चालते. तिथे खर्च कमी होतो तो गॅस, मजुरी आणि घाऊक धान्यखरेदीत. विद्यार्थ्याचे नुकसान होते ते खाड्यांत. दिवाळीत, परीक्षेनंतरच्या सुट्टीत, आजारपणात चुकलेली जेवणे किती दिवसांपुढे वजा होतात, यावर मेसचा खरा दर ठरतो, आणि पैसे भरताना हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. अमर्याद थाळीच्या मेसमध्ये ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’ अशी पाटी असते. मालकाच्या बाजूने ती रास्त आहे, कारण त्याचा दर एका पोटाच्या सरासरीवर बेतलेला असतो. पण ती पाटी लावावी लागते याचा अर्थ हाही आहे की दोन जणांत एकाचेच पैसे असण्याची वेळ विद्यार्थ्यांवर वारंवार येते. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. ती विद्यार्थ्यांसाठी आखलेली नव्हती, तरी सामूहिक स्वयंपाकाला सरकारी अनुदानाची जोड दिली तर जेवणाची किंमत कुठवर उतरू शकते, हे तिने दाखवले.

आता दुकानांकडे वळतो, कारण सल्ल्यांचा भर तिथेच असतो. पुणे या बाबतीत उदार शहर आहे. आप्पा बळवंत चौकात जुनी-नवी पुस्तके, तुळशीबागेत संसाराच्या बारीकसारीक वस्तू, १८८६ पासूनच्या महात्मा फुले मंडईत भाजी-फळे, जुन्या बाजारात टेबल-खुर्चीपासून सायकलीच्या सुट्या भागांपर्यंत सगळे, आणि किराण्याला डीमार्टसारखी मोठी दुकाने. खोली लावताना गादी, बादली, पंखा, टेबल यांवर होणारा पहिला खर्च आधीच्या तुकडीच्या मुलांकडून वस्तू घेतल्या की निम्म्याहून खाली येतो. दुकानातली सर्वांत मोठी बचत मला हीच वाटते, आणि तीही ओळखीच्या साखळीतून होते. घाऊक माल स्वस्त पडतो हे खरे, पण महिन्याचा किराणा एकदम भरायला महिन्याचे पैसे एकदम हातात असावे लागतात. डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून दाखवले होते की गरिबाला तीच वस्तू महाग पडते, कारण तो हप्त्याने आणि उधारीने घेतो. भारतात हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. शाम्पूची लहान पुडी मोठ्या बाटलीपेक्षा मिलीलिटरमागे स्वस्त पडते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून ‘मोठे पॅकेट घ्या’ हा सल्लाही डोळे मिटून पाळू नये. पाकिटावर किलो किंवा लिटरमागची किंमत आता छापलेली असते, ती वाचून ठरवावे. एवढे सांगून मी हा विषय पुरा करतो, कारण यापलीकडे त्यात महिन्याकाठी दोन-तीनशे रुपयांहून अधिक काही सापडत नाही.

पुस्तकांचे तसे नाही. पदव्युत्तर अभ्यासाला लागणारे एखादे इंग्रजी संदर्भपुस्तक दोन-तीन हजारांना असते आणि एका सत्रात अशा आठ-दहा पुस्तकांतली प्रकरणे वाचावी लागतात. ही पुस्तके विकत घेऊन कोणी शिकत नाही. ग्रंथालय आणि झेरॉक्स यांवरच आपल्याकडचे पदव्युत्तर शिक्षण उभे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी कॉपीराइटचा दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी लागणाऱ्या प्रतींचा हक्क मान्य केला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. देशभरातल्या विद्यार्थ्यांचा झेरॉक्सचा खर्च खर्चच राहिला, तो गुन्हा ठरला नाही, याचे श्रेय कायद्यातल्या एका तरतुदीला आणि तिच्यासाठी लढणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था. खासगी विनाअनुदानित महाविद्यालये तिच्या बाहेर राहतात, हा दोष मोठा आहे. तरी एकेका लेखाला परदेशी चलनात पैसे मागणाऱ्या बाजारात एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या संशोधकाला हे लेख मोफत वाचता येणे, ही कोणत्याही सवलतीच्या कूपनने न साधणारी बचत आहे.

यानंतर येतो पैसे मिळण्याच्या वेळेचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तोच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. एकाच शहरात, कधी एकाच विभागात, तीन प्रकारचे संशोधक शेजारी बसतात. नेट-जेआरएफ मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. केंद्रीय विद्यापीठातल्या नेटविना पीएच.डी. करणाऱ्याला ८,००० रुपये मिळतात, आणि ही रक्कम २०१२ पासून तीच आहे. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ मध्ये १०० धरला तर २०२४ च्या अखेरीस तो १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे त्या आठ हजारांची किंमत आज सव्वाचार हजारांहून कमी भरते. तिसरा संशोधक राज्य विद्यापीठातला. त्याला हेही नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळाली तर तो सावरतो. पण ती वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती तर २०२२-२३ पासून बंदच झाली. एम.ए., एम.एस्सी.च्या पातळीवर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेने मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरवले. महिना ५,००० रुपये पहिल्या तारखेला खात्यात आले तर आपल्या उदाहरणातल्या कॉटचे भाडे त्यातून सुटते. तेच पैसे सत्र संपताना एकरकमी आले तर मधले सहा महिने उसनवारीत जातात. रक्कम तीच असते, पण उशिरा पैसे मिळालेल्या विद्यार्थ्याने मित्रांकडून, मेसमालकाकडून आणि आता मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडून घेतलेले पैसे फेडण्यातच तिचा मोठा भाग संपतो. उशिरा आलेली शिष्यवृत्ती कमी रकमेची शिष्यवृत्ती असते, असे म्हणायला हरकत नाही. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी उसाचे पैसे येण्याआधी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत आणि पैसे आल्यावर पुढे येत. एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करू नये, पण ओढाताणीच्या महिन्यात प्रबंधाचे प्रकरण पुढे सरकत नाही, हे कोणत्याही मार्गदर्शकाला ठाऊक असते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाला दिलेली उत्तरे बहुतेक सामूहिकच होती. पुण्यात वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे होते. ती व्यवस्था ब्राह्मण घरांच्या दारांपुरती होती, आणि दारात उभे राहण्याचा हक्क जातीने ठरत होता. बाकीच्यांसाठी वाट काढावी लागली ती वसतिगृहांची. शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे छत्रपती शाहू बोर्डिंग चालवायला घेतले आणि ‘कमवा व शिका’ ही कल्पना रुजवली. ती आज अनेक विद्यापीठांत योजना म्हणून चालते. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. या सगळ्यांनी मुलांना काटकसर शिकवलीच. पण त्याआधी त्यांना छप्पर आणि भाकरी दिली, आणि मग काटकसर हा गुण त्यांच्या उपयोगी पडला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप डॉ. आंबेडकरांच्याच उदाहरणाने घेतला जातो: न्यूयॉर्क-लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण केले, मग आजच्या विद्यार्थ्यांना का जमू नये? उदाहरण खरे आहे आणि ते पूर्ण पाहिले पाहिजे. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी त्यांच्या पाठीशी होती. त्यातून घरी पैसे पाठवत, जेवणात चणचण सोसत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. काटकसरीचा याहून मोठा आदर्श सापडणार नाही. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांची काटकसर त्या दिवशी तसूभरही कमी झालेली नव्हती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर. काटकसर आलेला पैसा लांबवते, न आलेल्या पैशाची जागा ती घेऊ शकत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे चरित्र मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या मुलांच्या सवयींवर असतो: महागडा फोन, कॅफे, दहा मिनिटांत घरपोच येणारे खाणे. यात तथ्य आहे. ज्याला ३७,००० रुपये नियमित मिळतात आणि तरीही महिनाअखेरीस हात पसरावा लागतो, त्याने खर्चाची वही जरूर लिहावी. त्याच्यापुरता व्यक्तिगत शिस्तीचा सल्ला पूर्णपणे लागू आहे. पण तो सल्ला आठ हजारांच्या किंवा शून्याच्या माणसाला देताना आपण त्याच्या परिस्थितीचे खापर त्याच्या चहावर फोडत असतो. शिवाय फोन ही आता चैन राहिलेली नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज, तासिकांच्या सूचना, नोकरीच्या जाहिराती, घरी पैसे मागणे आणि पाठवणे, सगळे त्यावरच होते. आणि कॅफेत दोन तास बसणारे विद्यार्थी पुष्कळदा जागा विकत घेत असतात, कारण खोलीत चार कॉटांमध्ये टेबलाला जागा नसते. पेठांमधल्या खासगी अभ्यासिका महिन्याचे पैसे घेऊन भरलेल्या असतात, त्याचे कारणही हेच. दाटीवाटीने राहून भाड्यात वाचवलेले पैसे असे दुसऱ्या दाराने बाहेर जातात. विभागाचे वाचनालय रात्री अकरापर्यंत उघडे राहिले तर हा खर्च आपोआप थांबेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सामूहिक सोयी बिघडतात: वसतिगृहाच्या जेवणात अळ्या सापडतात, स्वच्छतागृहे तुंबतात, प्रवेश संपलेली मुले मित्रांच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहतात, आणि केवळ स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करण्यासाठी वसतिगृह मिळावे म्हणून एम.ए.ला प्रवेश घेतला जातो. करदात्याने याचा भार का उचलावा? बिघाड खरे आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. पण ‘पॅरासाइट’ हा शब्द ज्याला लावतात तो विद्यार्थी वसतिगृहाच्या तुटवड्यातून निर्माण होतो. खाटा पुरेशा असत्या तर दोघांच्या खोलीत पाच जण झोपले नसते. जेवण बिघडते तिथे बहुधा ठेकेदार सर्वांत कमी दराच्या निविदेने नेमलेला असतो आणि जेवणाऱ्यांना त्याच्यावर काही अधिकार नसतो. विद्यार्थ्यांनीच सचिव निवडून, बाजारहाट करून, महिन्याचा खर्च डोक्यांनी भागून चालवलेल्या भागीदारीच्या मेस आपल्याकडे होत्या आणि काही ठिकाणी आहेत. त्यांत हिशेब भिंतीवर लागतो आणि चोरीला वाव कमी राहतो. करदात्याच्या प्रश्नाचे उत्तरही आकड्यांत आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे. पण बीडहून आलेल्या मुलीचे शुल्क माफ झाले आणि पुण्यात सुरक्षित कॉट मिळाली नाही, तर ती प्रवेश सोडून जाते आणि माफ केलेले शुल्कही वाया जाते. वसतिगृहाची एक खाट एकदा बांधली की तीस-चाळीस वर्षे वापरात राहते. भत्ता म्हणून दिलेला रुपया त्याच महिन्यात घरमालकाकडे जातो आणि मागणी वाढल्याने पुढच्या वर्षी भाडेही वाढवतो.

वसतिगृहे बांधायला वेळ लागेल, तोवर काय करायचे? दोन गोष्टी कमी खर्चात होऊ शकतात. पहिली, शिष्यवृत्तीचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला देणे आणि उशीर झाला तर त्यावर व्याज देणे. सरकार करदात्याकडून विलंबाचे व्याज घेते, परताव्याला उशीर झाला तर स्वतःही देते. तोच न्याय विद्यार्थ्याला लावावा. दुसरी गोष्ट डिपॉझिटची. विद्यार्थ्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च तोच, आणि घरमालकाला त्यातून हवी असते केवळ थकबाकी आणि मोडतोड यांची हमी. विद्यापीठे आणि महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी अनामत रक्कम घेतातच, आणि ‘ना देय’ प्रमाणपत्राशिवाय शेवटची कागदपत्रे देत नाहीत. हीच यंत्रणा वापरून संस्थेने डिपॉझिटऐवजी घरमालकाला हमीपत्र द्यावे. यात धोका आहे: एखादा घरमालक खोटा दावा करून मुलाची पदवी अडवू शकेल. त्यासाठी हमीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्यापुरती असावी, वाद असला तरी पदवीची कागदपत्रे रोखू नयेत, आणि खोली ताब्यात घेताना सामानाची यादी व भिंतींचे फोटो दोघांच्या सह्यांनी संस्थेच्या वसतिगृह कार्यालयात जमा व्हावेत. नोंदणीकृत करार असलेल्या घरमालकांनाच ही हमी मिळेल असे ठरवले, तर आज तोंडी बोलीवर चालणारे पेठांमधले बरेच व्यवहार त्यामुळे कागदावर येतील, आणि अकराव्या महिन्यात भाडे वाढवायचे असेल तर विद्यार्थ्याला ते लेखी सांगावे लागेल.